ओ देणारा रेणू

लातुरात स्वच्छ ‘न्हाई’ म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. मी नोकरीला होतो त्या क्लासच्या पाट्या तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या होत्या आणि प्रत्येक पाटीवर यशाची हमी होती. रसायनशास्त्राचे बसवराज सर मात्र प्रवेशाला आलेल्या बापालाच सांगत, “न्हाई हो, तुमचं पोरगं डॉक्टर व्हायचं न्हाई. त्याला मोटारी खोलायला आवडतंय, खोलू द्या की.”

आठवड्यातले चार दिवस ते आमच्याकडे शिकवत, उरलेले नांदेडच्या प्रयोगशाळेत. तिथे टपाल तिकिटाएवढ्या पारदर्शक पट्टीत केसाहून बारीक पन्हळी कोरलेल्या असत. तळाशी कर्करोगाच्या पेशी बसवायच्या आणि त्यांना जगवणाऱ्या द्रवातून पंपाने त्यांच्यावरून हजारो तऱ्हेचे रेणू सोडायचे. निरोगी पेशीला न शिवता रोगी पेशीलाच धरून राहील असा एक रेणू त्यांना हवा होता, म्हणजे औषध त्याच्या पाठीवर पाठवता येईल.

“भूकंपात आम्ही ढिगाऱ्यावर उभं राहून नावानं हाका मारायचो, मग गप ऱ्हायचो,” ते म्हणत. “तेच करून राहिलो. कोण ओ देतंय बघायचं.”

पेशी त्यांच्या बायकोच्या होत्या, महानंदावहिनींच्या गाठीतल्या.

संचालकांना हे कळलं आणि चौकात सरांच्या फोटोचा फलक लागला : ‘कॅन्सरवर मात करणारे सर, फक्त आमच्याकडे!’ आठवडाभरात क्लासच्या पायऱ्यांवर फायली घेऊन माणसं बसली. उमरीची, हिमायतनगरची. इस्लापूरच्या एका म्हाताऱ्याने लेकीचा एक्स-रे उन्हात धरला.

“साहेब, थेंबभर तरी द्या.”

“औषध न्हाई, बाबा. सापडलं तरी माणसाला द्यायला लई वर्षं जातेत.”

“मग फोटो कशाला लावलाव?”

सरांनी शिडी मागवली आणि स्वतः फलक फाडला. खालून संचालक ओरडत होते, “सर, ॲडमिशन तर संपू द्या!”

पुढे वहिनींनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी भेटायला गेलो, तेव्हा सर उशाशी बसले होते. वहिनींनी डोळे उघडले.

“सापडलं का वो?”

“न्हाई.”

“मग हितं काय करून राहिलाव? जावा की.”

ते नांदेडला गेले.

दुसऱ्या दिवशी वहिनी गेल्या. फोन मी केला. पलीकडून पंपाची घरघर ऐकू येत होती.

“पन्हळीत तिच्या पेशी अजून जित्या हायत,” सर म्हणाले. “पंप बंद करू का?”