सर, मी येते

मंडळी, अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज केलाय मी. आज संध्याकाळी तिथल्या एका प्रोफेसरांनी व्हिडिओ कॉलवर माझा इंटरव्ह्यू घेतला. आवाज नको म्हणून आईने कोराडी वीज केंद्राच्या आमच्या क्वार्टरमधला खडखडणारा पंखा बंद केला, कुकरही लावला नाही, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड गुपचूप बसून राहिली.

इंटरव्ह्यू छान चालला होता. कोळशाच्या राखेपासून विटा बनवायच्या माझ्या प्रोजेक्टवर सर मनापासून बोलले. शेवटी त्यांनी आभार मानले, आणि घरातून निघताना म्हणते तसं मी सवयीने म्हणून गेले, "ओके सर, आय विल कम."

सर हसत म्हणाले, "अजून आम्ही तुला घेतलेलं नाही."

माझे कान तापले. पण सांगून टाकलं, की आमच्याकडे निरोप घेताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. जाणारं माणूस परत यावं म्हणून. सरांनी तो शब्द माझ्याकडून शिकून घेतला आणि कॉल बंद करताना स्वतः "येते" म्हणाले. मी काही सुधारलं नाही.

"ते सर काहून हसून राहिले होते वं?" आईने विचारलं. मी सगळं सांगितलं.

कुकरचं झाकण लावता लावता ती म्हणाली, "बरोबरच बोलली तू. नंबर लागला त एअरपोर्टवर मलेबी हेच म्हणजो."

तुमच्या घरून कोणी इतकं लांब गेलंय का? दारातून निघताना त्यांच्या तोंडून 'येते' निघालं होतं का?