वरची सळई

छज्जा भिंतीतून जिथं बाहेर निघतो, तिथंच त्याला पहिली चीर जाते, आणि तीही वरच्या अंगाला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी हा प्रश्न आला होता आणि मी आकृती काढून बरोबर उत्तर लिहिलं होतं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्या अज्ञानाची कीव करू नये. मला माहीत होतं.

दोन भिंतींवर टेकलेली तुळई ओझं आलं की मधे खाली वाकते. तिचं वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं. काँक्रीट दगडासारखंच, दाब कितीही सोसतं, ताण आला की तुटतं. म्हणून लोखंड खालच्या अंगाला घालायचं, ताण लोखंडानं घ्यायचा. छज्ज्याला एकाच बाजूला आधार, दुसरं टोक अधांतरी. ते टोक खाली जाऊ बघतं, म्हणून ताण वर येतो. तिथं सळई वर हवी. सगळी विद्या एवढीच आहे.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात मी बावीस वर्षांचा ओव्हरसियर होतो. सोनईच्या पलीकडं एका वाडीत शाळेच्या दोन खोल्यांचं काम निघालं होतं. गावच्या पुढाऱ्यांना दारापुढं पडवी हवी होती पण खांब नको होते. नगरला कुठल्याशा कचेरीचा बिनखांबी छज्जा त्यांनी पाहिला होता. चार फूट बाहेर आलेला. मलाही तो करून दाखवायचा होता. माझ्या हातचं ते पहिलं सिमेंटचं काम.

गवंडी पन्नाशीतला होता, मिस्त्री म्हणायचे त्याला. जन्मभर दगड आणि चुना. पंचक्रोशीतल्या विहिरींच्या कमानी त्याच्या हातच्या. पण दुष्काळात विहिरी बांधतो कोण, म्हणून माझ्या हाताखाली रोजावर आला होता. मी त्याला अरेतुरे करायचो. त्याची बायको आणि सासरहून परत आलेली अठरा वर्षांची मुलगी इतर बायांबरोबर घमेली वाहायच्या.

एकदा दुपारी जेवताना त्यानं मला छज्जा कसा उभा राहतो ते विचारलं. मी सांगायला लागलो तसं त्यानं आपली रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी एका दगडाच्या कडेवर अर्धी बाहेर ठेवली, दगडावरचा भाग तळव्यानं दाबून धरला आणि बाहेरच्या टोकावर बोट टेकलं. भाकरी वरून फाटली.

"हितं फाटतंय, रावसाहेब," तो म्हणाला. "मंग लोखंड हितंच पायजे, वर."

"शाळेत गेला असतास तर माझ्या जागी असतास," मी म्हणालो. बाया हसल्या. तोही हसला. मुलगी तेवढी हसली नाही.

वरच्या सळया वर राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली लोखंड वाकवून केलेल्या छोट्या तिवया ठेवतात. त्या करून घेणं माझं काम होतं. मी विसरलो. लक्षात आलं तेव्हा फळ्यांवर सळया बांधून झाल्या होत्या, खडी-सिमेंट कालवायला घेतलं होतं आणि मोठे साहेब संध्याकाळी बघायला येणार होते. काम थांबवलं असतं तर कालवलेलं सिमेंट वाया गेलं असतं आणि का थांबलं ते साहेबांना सांगावं लागलं असतं. मी सळयांखाली खडीचे तुकडे सारून ठेवायला सांगितले.

बाया घमेली घेऊन अनवाणी त्या सळयांवरून जात-येत होत्या. दुसरी वाटच नव्हती. पावलागणिक एकेक तुकडा सरकत होता आणि सळई खाली बसत होती. मिस्त्रीनं थापी थांबवली.

"रावसाहेब, लोखंड तळाला चाललंय."

"चालू दे. सिमेंट एकदा आवळलं की सगळं एकजीव होतं. वर काय न् खाली काय."

"पर भाकरी..."

"ही भाकरी नाही. तुझ्या चुन्यासारखंही नाही. तू थापी मार."

त्यानं थापी मारली. शिकलेल्या माणसानं सांगितलं होतं.

सिमेंटला पुढचे दिवस पाणी द्यावं लागतं. बैलगाडीवरून दोन पिंपं यायची. वाडीच्या विहिरी आटलेल्या, बाया तीन मैलांवरून पाणी आणायच्या. मिस्त्री रोज संध्याकाळी छज्ज्यावर गोणपाटं भिजवायचा आणि उरलेलं पाणी पिंपापुढं रांग लावलेल्या वाडीच्या बायांना कळशी-कळशी द्यायचा. मला माहीत होतं. त्यातली एक कळशी माझ्या खोलीवरही यायची, त्याची मुलगी आणून ठेवायची. गोणपाटं ओली असायची, छज्ज्याला पाणी कमी पडलं नाही. हे वाक्य मी तेव्हा कुणापुढं बोललो नाही, म्हणून आता लिहून ठेवतो.

टेकू काढायच्या तीन दिवस आधी मी छज्ज्यावर चढलो. भिंतीलगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसासारखी चीर दिसली. टेकू थोडे खचले असणार. मी ती बोटानं चाचपली. मग वाटीभर सिमेंट पातळ कालवलं आणि स्वतःच्या हातानं ती चीर पुसून टाकली. खाली उतरल्यावर मिस्त्रीनं विचारलं, "काय हुतं?"

"काही नाही. खडबडीत होतं."

त्या गवंड्यांच्यात एक रिवाज होता. बांधकामाखालचे टेकू काढले की बांधणाऱ्याच्या घरचं माणूस आधी त्याखाली उभं राहायचं. बहुतेक त्याची बायको. ती दाराच्या चौकटीला हळदकुंकू लावायची आणि मगच बाकीची माणसं आत जायची. ज्यानं बांधलं त्यानं आधी आपलं माणूस त्याखाली घालायचं, असा त्याचा अर्थ. विहिरीच्या कमानींखाली ती बाई अशी कितीदा तरी उभी राहिली असेल.

मी पंधरा फुटांवर उभा होतो. मिस्त्रीनं टेकू काढले, टोकाकडून भिंतीकडं, अगदी बरोबर. छज्जा राहिला. गावकऱ्यांनी माना डोलावल्या. पुढारी म्हणाले, "खांब न्हाई न् काय न्हाई, उभा हाय की गडी." बाई ताट घेऊन पुढं निघाली.

तिला थांबवायला एक शब्द पुरला असता. पण तो बोललो असतो तर पाठोपाठ का म्हणून विचारलं असतं, आणि मग तिवया, खडी, चीर, सगळं आलं असतं. राहील, असं मी मनात म्हणालो. तिनं उजव्या चौकटीला बोटं टेकली, डावीकडं वळली, आणि छज्जा भिंतीपासून सुटून दार मिटावं तसा खाली आला. आवाज फार झाला नाही. मातीच फार उडाली.

ती दोन दिवस जगली. नगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिला शुद्ध होती. ती पाणी मागत होती आणि डॉक्टरांनी देऊ नका म्हणून सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. पडलेला तुकडा अजून तसाच होता. कडेला तळाशी सळया दिसत होत्या. नीट बघणाऱ्याला त्यातच सगळं कळलं असतं. मी साहेबांना तिकडं जाऊ दिलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, "पाणी मारलं नाही, साहेब. मिस्त्री पिंपातलं पाणी वस्तीवर वाटायचा. सिमेंट कच्चं राहिलं."

साहेबांनी तिथं जमलेल्या वाडीच्या बायांना विचारलं, "पाणी देत होता का?"

बाया खाली बघायला लागल्या. एक म्हणाली, "देत हुता की. देवमानूस."

"मग झालं तर," साहेब म्हणाले.

मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. तो भांडेल असं मला वाटलं होतं. लोखंडाचं काढेल, भाकरीचं काढेल. पण तो चुन्याचा माणूस. चुन्याला पाणी तुटलं तर त्याची राख होते, हे तो पोरवयापासून बघत आला होता. माझं खोटं त्याच्या स्वतःच्या विद्येत चपखल बसलं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "व्हय, रावसाहेब. दोन कळश्या कमी दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मुलगी तिथंच उभी होती. ती बापाला म्हणाली, "लोकांच्या बायांना पाणी पाजलंस, न् माझी आई मारलीस." साहेबांनी लिहिलेल्या जबाबाच्या कागदावर त्यानं अंगठा दिला. माझी बदली झाली, पुढं बढतीही.

त्यानंतर त्याला कुणी काम दिलं नाही. मुलगी सासरी परत गेली, ती माहेरी आली नाही. वाडीत तो पाणी न देणारा म्हातारा म्हणून माहीत झाला. दारात कुणी तहानलेलं आलं तर दार लावून घ्यायचा. पोरं मुद्दाम त्याच्या दाराशी जाऊन पाणी मागायची आणि पळून जायची. हे मला एका रोडकऱ्यानं हसत हसत सांगितलं. मीही थोडा हसलो असेन.

वीस-एक वर्षांनी मी भिंगारला घर बांधलं. माझ्या बायकोला छज्जा हवा होता, मी घालू दिला नाही. ती कारण विचारत राहिली. शेवटी एका सकाळी मी एसटीनं त्या वाडीला गेलो.

म्हातारा बाजेवर होता. त्यानं मला ओळखलं. मी एकदम सांगून टाकलं, तिवया, खडी, चीर, आणि पाण्याचा काही संबंध नव्हता हेही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला तुम्ही म्हणालो.

तो बाजेवर उठून बसला. मग म्हणाला, "म्हंजी भाकरीचं खरं हुतं."

"खरं होतं."

"मला आडानी ठरिवला हुतात."

"हो."

"लोखंड किती वर पायजे हुतं?"

मी दोन बोटं दाखवली. दोन बोटं म्हणजे किती, ते त्यानं माझा हात धरून नीट बघितलं.

"न् खाली गेलं कशानं?"

"बाया चालत होत्या त्यावरून. पण त्यांचा काय दोष, तिवया मी..."

"माझी पोरगी हुती त्यात," तो म्हणाला.

वीस वर्षांत हे माझ्या मनात आलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी त्याच्याकडून उठून तडक तिच्याकडं जाईन, बापलेकींची भेट घालून देईन.

"तिच्याकडं जानार हाय का तुमी?"

"तसंच ठरवून आलोय."

"जाऊ नका. तुमी कितीबी सांगा तिवया न् फिवया. तिला आपलं पायच दिसत्याल. मला शिव्या देती हाय ती बरी हाय. खाऊन-पिऊन हाय, लेकरंबाळं हायती."

"पण ती तुम्हाला..."

"तुमाला बोलायची लई हौस आली हाय आता," तो म्हणाला. "तवा एक शबूद सुचला न्हाई." मग त्यानं मला शपथ घ्यायला लावली. त्याच्या बायकोची.

निघताना मला तहान लागली होती. मी मागितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. दहाव्याला मी नदीवर गेलो, का गेलो ते मला अजून नीट सांगता येत नाही. मुलगी आली होती, चाळिशीची झालेली, भावकीनं बळंच आणलेली. पिंड मांडले. कावळा शिवेना. तिकडं रीत असते, की मेलेल्याची इच्छा काय राहिली ते घरच्यांनी बोलायचं, पुरी करतो म्हणून शब्द द्यायचा. एक चुलता तिला म्हणाला, "तू बोल, बाई. तुझ्यात जीव अडकलाय त्याचा. माफ केलं म्हन."

"मी न्हाई म्हननार," ती म्हणाली. "ज्यानं पान्यापायी माझी आई घालवली त्याला मी माफ करनार न्हाई. बसू द्या कावळ्याची वाट बघत."

उन्हं चढली. माणसं पाय बदलत उभी होती. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक पांगले.

मी शपथ पाळली म्हणून गप्प राहिलो, की शाळेच्या त्या दारापुढं राहिलो होतो तसाच राहिलो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. दोन्ही वेळा तोंड मिटलेलं सारखंच होतं. ती लिहायला-वाचायला शिकलेली नाही, एवढ्या भरवशावर हे लिहिलं. तरी कुणाचं नाव घातलेलं नाही. कुणी तिला वाचून दाखवू नये.