मास्तरांचा पुढचा दात

बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यांना सगळे मास्तर म्हणायचे. लेक नोकरीला लागली, तिने आईबापांची नावं कंपनीच्या विम्यात घातली, आणि मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. विम्याचं कार्ड कायम शर्टाच्या खिशात. चहावाल्याला दाखवून झालं, न्हाव्याला तर दोनदा.

अशात त्यांचा वरचा पुढचा दात हलायला लागला. क्लॅरिनेट धरायचं ते याच दातांच्या आधाराने. दात डगमगला की सूरही डगमगतो. दात गेला तर आपल्या हाती झांजा देतील, या विचारानेच त्यांचा जीव अर्धा व्हायचा.

ते सरकारी दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "खासगी विमा आहे? इथले मोफत उपचार विमा नसलेल्यांसाठीच आहेत." दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मास्तरांनी ऐटीत कार्ड पुढे सरकवलं. "मुलीने काढलाय!"

"मग तिकडेच जा, काका."

खासगी दवाखान्यात कळलं, की विमा आहे तो ॲडमिट झालात तरच. दातांचं त्यात काहीच नाही. मास्तर हात हलवत घरी आले.

"उद्या ते कार्ड घरी ठेवून जा," बायको म्हणाली.

"लेकीचं कार्ड लपवू? चोरीचा माल आहे का तो?"

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा खिडकीशी, कार्डासकट. बाईंनी या वेळी नीट ऐकून घेतलं. विमा असला तरी त्यात दात येत नसतील तर इथे उपचार होतात, म्हणाल्या. फक्त तसं कंपनीकडून लिहून आणायचं. आणि ते आणणार कोण? लेकच. मास्तर खिडकीवरून मागे फिरले. तिने एवढ्या हौसेने दिलेल्या गोष्टीत उणं आहे, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? दाताखाली कापडाची घडी धरून ते वाजवत राहिले. देवमाणूस, पण हट्टाला पेटला की कुणाचं ऐकायचा नाही. शेवटी बायकोनेच लेकीला फोन लावला.

लेक रजा टाकून थेट दवाखान्यात आली, हातात कंपनीचं पत्र. बायकोने पुढे पाठवलेले मास्तर रांगेत उभे होते.

"कार्ड फार छान आहे गं," ते घाईघाईने म्हणाले, "दाताचंच तेवढं..."

लेकीचे डोळे भरून आले. "बाबा, कार्ड साऱ्या गावाला दाखवलंत. आणि हलणारा दात मला नाही दाखवलात?"

मास्तरांनी रांगेतच, सगळ्यांदेखत, लहान मुलासारखा मोठा आ केला.