सेल्माच्या पोटातला गोळा

"ट्रायकोबेझोर," गोव्याच्या इस्पितळातले सर्जन म्हणाले. मला काही कळलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे पोटात साठलेला केसांचा गोळा. तुमची मुलगी स्वतःचे केस उपटून गिळते आहे. ऑपरेशन करावं लागेल."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट आला असेल. माझी सेल्मा सतरा वर्षांची, शहाणी. पोट दुखतं, उलट्या होतात, जेवण जात नाही म्हणून मालवणात ॲसिडिटीची औषधं चालू होती. डोक्याला सारखा स्कार्फ बांधायची, ती मला फॅशन वाटली होती.

वॉर्डात तिने स्कार्फ सोडला. टाळूवर तळहाताएवढी जागा उघडी होती.

"मम्मी, पेपर सोडवताना हात केसात जाता. माका कळणाच नाय."

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास होता. दर रविवारी सराव परीक्षा आणि संध्याकाळी सगळ्यांचे क्रमांक क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सेल्माला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीचं 'कशाक?' हवं असायचं. खेकडा कवच कसं टाकतो ते बघायला ती खाडीकाठी अर्धा दिवस बसायची. इथे चार पर्यायांतला एक निवडायचा, तोही मिनिटाच्या आत. ती विचार करत राही आणि वेळ संपे. क्रमांक आणखी खाली जाई.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी रोझरीची माळ हातात धरून बाकावर बसले होते. रोजचे प्रार्थनेचे शब्द आठवेनात.

पुढे मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, "ह्याला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. ताण वाढला की नकळत केस उपटले जातात, काहीजण ते गिळतातही. हे वेड नाही, हट्टही नाही. तिला रागावू नका. वेळ लागेल. यंदा परीक्षा नको."

त्या दोन्ही डॉक्टरांमुळे माझी मुलगी आज माझ्यासमोर आहे. तुमच्या घरी कोणी अभ्यासाच्या वर्षात जेवेनासं झालं, डोकं झाकू लागलं, तर मार्कांआधी ते बघा.

त्या प्रवेश परीक्षेच्या निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलीची आई पेढे घेऊन आली. सेल्माने हसून पेढा घेतला, अभिनंदन केलं. दार लागल्यावर माझ्याकडे वळली.

"मम्मी, म्हणजे मी हुशार नव्हतंय?"

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. उत्तर बरोबर की चूक, हे ठरवण्यात माझी वीस वर्षं गेली. तिला "हुशारच आसस गो" म्हटलं, पण तिने नाही म्हणून मान हलवली. मग मी तिला जवळ घेतलं. ती खूप वेळ रडली. मी तिला गप्प केलं नाही.