खुराड्याची होडी

बायको गेली त्या वर्षी मी होडीला खिळे ठोकत होतो, असं सांगितलं की लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात. बघू देत. पन्नासच्या दशकातलं चिंचवड वेगळं होतं. गावठाणातून बाहेर पडलं की शेतं, पलीकडे रेल्वेची लाइन, आणि लाइनच्या पलीकडे नुकते कुठे उभे राहू लागलेले कारखाने. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये मी टर्नर होतो. नदीच्या घाटाजवळ एका खोलीचं बिऱ्हाड होतं. माघात थोड्याच दिवसांच्या तापाने ती गेली. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती.

मी रडलो नाही. शेजारच्या बायकांना ते खटकलं, माझ्या भावाला खटकलं, मला मात्र काहीच खटकत नव्हतं. भोंगा झाला की कामावर जायचं, काम सुटलं की परत यायचं. खानावळीतला डबा गरम आहे की गार, तेही कळत नसे.

माझे सासरे मालवणकडच्या किनाऱ्यावरचे. आयुष्यभर शिडाची होडी चालवलेली. तार पोचायला उशीर, तिथून निघायला उशीर, घाटात मोटार बंद पडली म्हणून आणखी उशीर. ते आले तोवर राखसुद्धा नदीत सोडून झाली होती. दारात उभे राहिले, खोलीत एकदा नजर फिरवली आणि विचारलं, कुठे सोडली. मी त्यांना घाटावर नेलं. पवनेचा तिथे डोह आहे, उन्हाळ्यातही पाणी टिकतं. ते बराच वेळ बघत राहिले. ती असताना याच डोहाची थट्टा करायची. म्हणायची, ही तुमची नदी होय, आमच्याकडे हिला व्हाळ म्हणतात, ओढा.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले, सासरे मात्र राहिले. रोज सकाळी घाटावर जाऊन बसायचे. आमच्यात बोलणं फारसं नव्हतं. आमचं मूळही त्यांच्याच बाजूचं, पण माझे वडील नोकरीपायी खडकीला आलेले. मी तिथेच वाढलो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच लग्नात. त्यांची मालवणी मला समजायची, बोलता यायची नाही. त्यावरूनही ती मला चिडवायची.

होडी त्यांनीच शोधून काढली. घाटापलीकडे एका बागाईतदाराची वस्ती होती. त्याने कधीतरी खडकीच्या बाजूला लष्कराच्या भंगाराच्या लिलावातून एक छोटी शिडाची होडी उचलून आणली होती. साहेब लोक हौसेने नदीवर फिरवायचे त्यातली. शीड नाही, डोलकाठी नाही, नुसता सांगाडा. गड्याने ती उपडी टाकून तिचं कोंबड्यांचं खुराडं केलं होतं. सासरे तिच्याभोवती दोनदा फिरले, एक फळी अंगठ्याने दाबून पाहिली आणि मला म्हणाले, मागून पाहा, देतो का.

मी मागितली. बागाईतदार हसला. "आरं भाऊ, माज्या कोंबड्या हायत त्यात. पर न्या. आमाला दुसरं खुराडं हुईल." बदल्यात त्याच्या मोटेचं चाक कुरकुरत होतं, ते मी नीट करून दिलं.

त्या संध्याकाळी सासरे पहिल्यांदा सलग काही बोलले, ते मला आठवतं. "तिका ह्या पाण्यात सोडलात. माका त्या पाण्यार एकदा जावक व्हयां. होडी तरंगली की मी माझ्या घराक जातलंय."

मी मान हलवली. पण ते 'जातलंय' माझ्या डोक्यात राहिलं. ते गेले की ती कशी बोलायची हे माहीत असलेलं माणूस या खोलीत उरणार नव्हतं. मला त्यांनी जायला नको होतं. एवढी एकच गोष्ट त्या दिवसांत मला नक्की कळत होती, आणि ती तोंडाने सांगणं मला जमत नव्हतं. मग मी होडीसाठी सामान आणायला लागलो.

कारखान्याच्या भंगारात किती काय पडलेलं असतं हे मला तोवर दिसलंच नव्हतं. सायकलच्या फुटक्या चाकाचा मधला तुंबा होता. शिडाची दोरी त्यावरून सरकेल म्हणून मी त्याला लेथवर खाच पाडून तो आणला. सासऱ्यांनी दोरी घालून पाहिली आणि म्हणाले, खाच खोल आहे, दोरी अडकणार. फोरमनला विचारून मी तो लेथवर पुन्हा घासून आणला. मग ते म्हणाले, आता खाच उथळ झाली. मी तिसऱ्यांदा आणला. दोघांपैकी कुणीही कुरकुर केली नाही.

सुकाणूचा दांडा मोडला होता, तिथे फावड्याचा दांडा बसवला. वल्ही ज्या खुंट्यांत फिरतात तिथे लाकूड लाकडावर घासू नये म्हणून सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली. पाणी उपसायला तुपाचा रिकामा डबा तिरका कापून घेतला. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांतून बसायचा आडवा पाट झाला. डोलकाठीला बुरुडाकडचा जाड कळक. सासऱ्यांनी तो आगीवर शेकून सरळ केला, आणि मग त्यांना तो थोडा बारीक वाटला म्हणून दुसरा आणवला. एकूण असं चाललं होतं की एका माणसाने एका दिवसात करायचं काम आम्ही दोघं मिळून आठवडाभर पुरवत होतो.

शीड मांजरपाटाचं. ते त्यांनी स्वतः शिवलं, जाड सुईने, पाय पसरून, दाराशी बसून. शेजारणींना गंमत वाटली. पुरुष माणूस एवढं शिवतो हे त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे ऐनाच्या सालीच्या काढ्यात शीड बुडवतात, म्हणजे ते कुजत नाही. इथे ऐन कुठला आणणार? मी बाभळीची साल आणली. मोठ्या पातेल्यात ती उकळली तशी खोलीभर चांभारवाड्यासारखा वास भरला. शीड तांबूस तपकिरी झालं. वाळत घातलेलं ते शीड पाहून सासरे म्हणाले, बरा आहे रंग. त्यांच्या तोंडून कसल्याही गोष्टीला बरं म्हटलेलं मी त्या वर्षी तेवढंच ऐकलं.

खरं काम फळ्यांच्या फटींचं होतं. वैशाखातलं चिंचवडचं ऊन, त्यात होडी कित्येक महिने उघड्यावर. फळ्या इतक्या आटल्या होत्या की दोन फळ्यांमध्ये नख सहज जायचं. पिंजाऱ्याकडून कापूस आणला. त्याच्या वाती वळून त्या तेलात आणि राळेत भिजवायच्या आणि बोथट छिन्नीने फटीत ठोकायच्या. हे ते स्वतःच करायचे, मला हात लावू देत नसत. दुपारभर ठक ठक चालायचं. एवढासा वाळका म्हातारा, पण घाव असे घालायचा की माझे कान बधिर व्हायचे. एक फट भरली की तिच्यावरून बोट फिरवायचे आणि अजून थोडा कापूस आत सारायचे. पुन्हा ठोकायचे. मी एकदा म्हणालो, मामा, पुरे झालं. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. तिच्या अंगाला तर त्यांना हात लावता आला नव्हता. हे मला तेव्हा दिसत होतं, पण जाणवत नव्हतं.

शेवटी बागाईतदारानेच घाई केली. आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. तो म्हणाला, "नदी काय तुमची वाट बगायची न्हाई. घालायची तर आता घाला, न्हाईतर खुराडं माजं मला परत द्या."

सुट्टीचा दिवस धरून आम्ही होडी बैलगाडीवरून घाटावर नेली. सासऱ्यांनी नारळ फोडला, पाण्यात थोडी हळद सोडली. होडी पाण्यात गेली आणि आत एक थेंब आला नाही. कापसाने सगळ्या फटी अशा बंद झाल्या होत्या की मी तळाला हात लावून पाहिला तर कोरडा. घाटावर बघायला गर्दी जमली होती. पवनेवर शीड त्या लोकांनी कधी पाहिलं नसावं.

दुपारचा पश्चिमेचा वारा होता. तो शिडात भरला आणि होडी अशी पटकन पुढे सरकली की मी पाट घट्ट धरला. सासरे हसले नाहीत, पण त्यांचे खांदे सैल झाले. फावड्याचा दांडा काखेत धरून ते डोहाच्या मध्यावर गेले, तिथे शीड ढिलं सोडलं, आणि होडी थांबली. त्यांनी बाजूने वाकून हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. पुष्कळ वेळ तसाच ठेवला. मी शिडाकडे बघत राहिलो. मग त्यांनी ओला हात स्वतःच्या डोक्यावरून फिरवला आणि म्हणाले, चला.

मला काय वाटलं? काहीच नाही. एवढंच वाटलं की आता संपलं, होडी तरंगली.

त्यांच्या गावच्या रीतीप्रमाणे नव्याने फटी भरलेली होडी दोन दिवस पाण्यातच ठेवतात, म्हणजे कापूस बसतो. तशी ती घाटाला बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोचकं बांधलं. पाऊस यायच्या आत गावी घरावरची नळ्यांची कौलं परतायची होती. आधीच उशीर झाला होता. दुपारच्या गाडीने पुण्याला, तिथून मोटारीने. त्याआधी होडी वर ओढून ठेवू म्हणून आम्ही दोघं घाटावर गेलो.

होडी पाण्यात काठापर्यंत बसली होती. एका बाजूच्या दोन फळ्या खिळ्यांतून उखडून बाहेर आल्या होत्या आणि फटींतून कापूस लोंबत होता.

आणि मला आनंद झाला. लपवून काय करायचं? इतक्या महिन्यांत माझ्या छातीत पहिल्यांदा काही हललं, आणि ते हे होतं. मी लगेच म्हणालो, मामा, काही नाही, पुन्हा ठोकू, मी खिळे आणतो, वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या पट्ट्या आहेत, आतून लावू. मी भराभर बोलत होतो. एवढं मी माघापासून बोललो नव्हतो.

सासरे पाण्यात उतरले आणि त्यांनी उखडलेल्या फळीवरून हात फिरवला.

"आमच्याकडे लाकूड कधी इतक्यां सुकना नाय," ते म्हणाले. "हयसर तां तान्हेलां होतां. पाणी मिळाल्यार फुगलां. फुगाक मी जागाच ठेवूक नाय."

मी पुन्हा पत्र्याच्या पट्ट्यांचं सांगू लागलो. त्यांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही.

"जावयबापू, इतके म्हयने तुम्ही मोडकां-तोडकां आणून देतास. रवा म्हणान तोंडान एकदा तरी सांगितलात?"

घाटावर बायका कपडे धूत होत्या. मीही आता गुडघाभर पाण्यात उभा होतो. मी 'राहा' म्हणणार होतो, पण तोंडातून आलं ते "रवा". जन्मात कधी मी त्यांच्या बोलीत बोललो नव्हतो. तिनेच तो शब्द हजारदा वापरला होता, पाहुण्याला, शेजारणीला, कामावर निघालेल्या मला.

सासऱ्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. तसंच म्हणाले की राहता येत नाही, घर गळेल. होळी झाली की येईन. मग फळीवर थाप मारून म्हणाले, "तोवर ह्यां सुकूक देऊ नकात."

मी त्यांना स्टेशनवर सोडून आलो. परतल्यावर बागाईतदाराकडून जुनं गोणपाट मागून आणलं, होडी त्याच्याच बैलगाडीवरून गोठ्याच्या सावलीत आणली, फळ्या गोणपाटात गुंडाळल्या आणि त्यावर पाणी ओतायला लागलो. बादली रिकामी झाली तरी माझे हात थांबेनात. मग मी तिथेच शेणात बसलो आणि रडलो. माघात रडायचं होतं ते ज्येष्ठात. बघायला फक्त त्याची म्हैस होती, आणि तिला माझ्याविषयी काहीही मत नव्हतं.

पावसात हवाच ओली, तेव्हा काम नव्हतं. दिवाळीनंतर मात्र कामावरून सुटलो की वाटेत गोठ्यावर थांबून गोणपाट भिजवायचं, हा नेम झाला. बागाईतदार म्हणायचा, या लाकडाला आता मोड येतील. मी हसायचो. डबा गरम आहे की गार ते मला पुन्हा कळायला लागलं होतं. बहुतेक वेळा गारच असायचा.

होळीनंतर ते आले. पायांची धूळही न झटकता आधी गोठ्यात गेले. गोणपाट बाजूला करून एकेक फळी अंगठ्याने दाबत शेवटपर्यंत गेले आणि तिथूनच, वळून माझ्याकडे न बघता, म्हणाले, "सुकूक दिलात नाय."

"नाय," मी म्हणालो.