पभ्याचा संशय आणि रिकामे दोन बाइट

काल हॉस्पिटलात पभ्याला तपासून डॉक्टर म्हणाले, "सुधारणा आहे."

पभ्यानं विचारलं, "कशानं?"

डॉक्टर हसून पुढच्या कॉटकडे गेले. पभ्या मला म्हणाला, "पाह्य गा, त्याइलेच माहीत नाही."

आज सकाळी पभ्या गेला.

शाळेपासूनचा मित्र. मी कविता म्हणून दाखवली की आधी बोटांवर मात्रा मोजायचा, मग "वा". कधी कधी "वा" यायचाच नाही.

रिटायर झाल्यावर नागपुरात हुडकेश्वरला माझ्या वरच्या खोलीत आम्ही दोघं नेटवर्कचे डबे, म्हणजे राउटर, बनवायचो. एक डबा कुही गावच्या दवाखान्यात होता. तिथले एक्स-रे त्यातून नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे यायचे.

तो डबा मधूनच गोठायला लागला.

तिथल्या डॉक्टरीणबाई फोनवर रडकुंडीला. "काका, फोटो जात नाही म्हणून पेशंटले जीपमध्ये टाकून पाठवून राहिलो. लवकर करा न!"

मी डबा घरी मागवून घेतला आणि त्याचा कर्नेल, म्हणजे सॉफ्टवेअरचा गाभा, उघडला. गडबड कुठे होते ते कळावं म्हणून नेटवर्कच्या कोडमध्ये तपासणीच्या नोंदीसाठी दोन बाइटचा एक रकाना घातला.

आणि गोठणं बंद!

मी डबा खोक्यात भरायला घेतला. पभ्यानं खोक्यावर हात ठेवला.

"हा डबा काहून चालला?"

"चालला ना! आता काय आरती ओवाळू?"

"तू काही दुरुस्त केलं नाही अन् हा सुधरला? मले हा बिघडलेल्यापेक्षा जास्त चोर वाटून राहिला. रकाना काढ. पुन्हा बिघडवून दाखव."

काढला. गोठला.

घातला. चालू.

"रकान्यानं जागा सरकून राहिली, कविराज!"

तेच होतं. पॅकेटसाठी, म्हणजे येणाऱ्या माहितीच्या तुकड्यासाठी, मेमरी घेताना सुरुवातच दोन बाइट चुकत होती. त्या चिपला आकडा चारच्या पटीतल्या जागीच लागतो, नाहीतर ती अडखळते. एक मात्रा ढळली की ओळ अडखळते, तशी. माझ्या रकान्यामुळे सगळं योगायोगानं जागेवर बसत होतं. पुढेमागे कुणी तो काढला असता, तर कुहीचा डबा पुन्हा मेला असता.

आम्ही सुरुवातीला दोन बाइट रिकामे सोडले. रकाना काढून टाकला.

डबा चालला. या वेळी का, ते ठाऊक होतं. पभ्यानं स्वतः खोकं बांधलं.

आज दुपारी डॉक्टरीणबाई पभ्याच्या घरी आल्या. उशीर झाला म्हणून ओशाळल्या होत्या.

"ओपीडी होती काका. एका लेकराचा एक्स-रे पाठवला, मगच निघाली."

"पोचला?"

"पोचला न. मोठे डॉक्टर म्हणाले, कुहीतच ठेवा, नागपूरले आणायची गरज नाही."

ऐकलंस ना, पभ्या?

जा आता, निवांत जा.