केळीच्या चेंबरमधल्या पोथ्या

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीशी बोलताना एकदा ओठांवर आलं होतं, मग मी भाजीचा विषय काढला. तुम्हाला सांगतेय, पण माझी कीव आली तर ती तुमच्याजवळच ठेवा. मला राग आलाय. स्वतःचा. आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

बऱ्हाणपुरात, राजपुऱ्याच्या बाजूला, एका ट्रस्टचं लहानसं संग्रहालय आहे. मी तिथली क्युरेटर. नाणी, जरीची वस्त्रं, काही शस्त्रं — आणि पोथ्या. पोथ्या दादांनी दिलेल्या; नात्याचे नव्हेत, सगळेच त्यांना दादा म्हणतात.

दादा मूळचे जळगावकडचे, सारा जन्म कागद कारखान्यात गेला. तिथं लगद्यासाठी रद्दीचे ट्रक यायचे. त्या ढिगांत कधीकधी कुणाच्या घरातली जुनी हस्तलिखितं असायची. घरच्यांना नको झालेली, किलोवर विकलेली. दादा ती साहेबांना विचारून बाजूला काढायचे, घरी न्यायचे, पान न् पान सावलीत वाळवायचे. त्यांची बायको पोथ्या गुंडाळायला आपल्या जुन्या लुगड्यांची बासनं शिवायची, कीड लागू नये म्हणून आत वेखंडाचे तुकडे घालायची. इतकी वर्षं दोघांनी हेच केलं. ती गेल्यावर दादांनी सगळ्या पोथ्या आमच्याकडे आणल्या. म्हणाले, "आता हे तुह्या हवाली, पोरी."

माझ्या हवाली. ऐकलंत ना?

मग संग्रहालयाचं छत दुरुस्तीला काढलं. काम संपेपर्यंत संग्रह ठेवायचा कुठे? माझ्याजवळ उत्तर होतं. मागची कोरडी खोली, एक एसी, हवेतला ओलावा ओढून घेणारं एक यंत्र. मी त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं आहे. कागदाला नुसता गारवा पुरत नाही, कोरडेपणा लागतो — हे मी शाळेतल्या मुलांना फिरवताना पाठ म्हणून दाखवते.

पण आमच्या अध्यक्षांचं निंबोल्याच्या रस्त्यावर केळी पिकवायचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथलं एक चेंबर रिकामं होतं. बैठकीत ते हसून म्हणाले, "मॅडम, टेन्शन कशाला घेता? पूरा एसी आहे. माझी केळी नाही सडत तिथं, तुमची पुस्तकं काय सडतील?"

सगळे हसले. मीही हसले.

हा विचार कानावर आला म्हणून त्याआधीच मी ते चेंबर बघून आले होते, हे बैठकीत कुणाला ठाऊक नव्हतं. केळ्याची साल सुकू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम ओली ठेवतात. शेजारच्या चेंबरमध्ये माल भरलेला होता, वाऱ्याची वाट दोन्हींची एकच. मी भिंतीवरून हात फिरवला, तर बोटं ओली झाली. ती मी ओढणीला पुसली आणि बाहेर आले.

आणि बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "चालेल ना?" — तर मी म्हणाले, "तापमान एकदम बरोबर आहे, सर."

किती सफाईदार वाक्य! खोटं नव्हतंच ते. ओलाव्याचं कुणी विचारलं नव्हतं. का बोलले नाही मी? माझी नोकरी कायम व्हायची होती आणि कागद त्यांच्या सहीसाठी पडून होता. पण त्यांनी मला धमकावलं वगैरे नव्हतं हो. नाराज होतील, एवढंच मला वाटलं. एक माणूस नाराज होऊ नये म्हणून मी पोथ्या ओल्या हवेत नेऊन ठेवल्या.

पुढेही मला थांबता आलं असतं. पावसाळाभरात एकदा तरी जाऊन पेटी उघडून बघायला काय झालं होतं? नाही गेले. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

छत झालं, पेट्या परत आल्या. झाकण उघडलं तर पिकल्या केळ्याचा गोडसर वास आला. पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या वड्या झाल्या होत्या. शाई फुटलेली, कडांना काळी-हिरवी बुरशी. जी पानं दादांनी लगद्याच्या हौदातून वाचवली, त्यांचा लगदा मी करून दाखवला.

इथवर भित्रेपणा होता. पुढचं ऐका.

दादा भेटायला आले. मी पेटी दाखवली, दाखवावीच लागली. ते एका बासनावर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे कसं झालं, पोरी?"

त्या क्षणी मला त्यांचाच राग आला. का विचारतात? का असे बघतात? आणि मी — अगदी हळुवारपणे, डॉक्टर पेशंटला सांगतात तशी — म्हणाले, "दादा, बुरशी मुळात घरूनच आली असणार. आत दबून असते, मग एकदम वर येते."

त्यांनी मान डोलावली. लगेच विश्वास ठेवला त्यांनी! बासनाचं टोक सारखं करत म्हणाले, "तिनंच पेटी मोरीपाशी ठेवली आसंल. मी सांगत व्हतो तिले. ऐकलंच नाही."

जिनं लुगडी फाडून बासनं शिवली, तिच्यावर आळ. मेलेल्या बाईवर. आणि मी काय केलं? पाण्याचा ग्लास पुढे केला.

आता आमच्याकडे नवीन भांडार आहे. कोरडं, नियंत्रित, काचेच्या दारामागे आकडे दाखवणारं यंत्र. उद्घाटनाला दादांना बोलावलं होतं. कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला, तर ते म्हणाले, "माह्या घरच्या बुरशीनं तुमच्या म्युझियमचं नुकसान झालं, माफी करा." लोकांनी केवढ्या कौतुकानं टाळ्या वाजवल्या! अध्यक्षांनी वाजवल्या. मी अध्यक्षांच्या शेजारी उभी होते. मीही वाजवल्या. नंतर मी ओलाव्याच्या धोक्यांवर भाषण केलं. चांगलं झालं भाषण. माझी नोकरीही कायम झाली आहे.

परवा बाजारात दादांची मुलगी भेटली. सहज सांगत होती — आईच्या श्राद्धाला दादा यंदा पानावर बसलेच नाहीत, म्हणाले, तिनं माझं आयुष्यभराचं काम नासवलं. "म्हातारपणी माणूस असं चिडचिडं होतं का हो, मॅडम?" तिनं मला विचारलं.

मी म्हणाले, "होतं असं."

दादा जिवंत आहेत. कान चांगले आहेत, सगळं समजतं त्यांना. आमच्या दारावरून ते राहतात त्या वसाहतीकडे बस जाते. मी त्या बसमध्ये बसलेले नाही.